गिरधर वायरमनच्या गाडीतली हवा

धुळ्याला आग्रा रोडवर गिरधर वायरमनचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची शेड. पुढे चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, मागे जळक्या डायनमोंचा ढीग आणि मधोमध लाकडी खोक्यावर बसून कुणावर तरी ओरडणारा गिरधर. ट्रकवाले इंदूरकडचे असोत की नाशिककडचे, सेल्फ उचलेना, लाइट मंद झाला, की गाडी इथंच आणायचे, कारण माणूस कामाला पक्का होता. पण गाडी लावली की ड्रायव्हर समोरच्या टपरीवर जाऊन बसायचा. जवळ उभं राहून "मिस्तरी, किती वेळ लागेल?" असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

आता राग म्हणजे काही पाप नाही. चोराला तोंडावर चोर म्हणायचं तर अंगात राग लागतोच. पण गिरधरला भाजीत मीठ कमी पडलं तरी राग यायचा, आणि बरोबर पडलं तर रोज असं का पडत नाही म्हणून राग यायचा. याला काय म्हणायचं? चिडला की त्याचं शाळेतलं मराठी सुटायचं आणि जीभ सरळ अहिराणीवर यायची. "माले शिकाडू नको!" मला शिकवू नको. हे त्याने गिऱ्हाइकांना ऐकवलं, आरटीओच्या साहेबाला ऐकवलं, ताप बघायला आलेल्या डॉक्टरलाही ऐकवलं. बायकोने, कमलबाईने, ते किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेबच नको. ती उत्तर द्यायची नाही. पदराला हात पुसायची आणि आत निघून जायची. तिच्या त्या गप्प बसण्याचाही त्याला राग यायचा.

त्याला उलट बोलायची ती एकटी कोकिळा, त्यांची एकुलती एक लेक. "आबा, भोंगा बंद करा," म्हणायची, आणि हा बाबा चक्क हसायचा. तिला बोदवडला दिली. जावई भुसावळला रेल्वेत, सासऱ्याचं बी-बियाण्यांचं दुकान, घर चांगलं. पण ती गेली आणि गिरधरच्या घरातलं हसणं तिच्याबरोबर गेलं. ती माहेरी यायची ती आखाजीला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. लिंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, आंब्याचा रस काढतात, बाया गाणी म्हणतात आणि पुरुष भरदुपारी पत्ते कुटत बसतात. लेक आली नाही तर तो रस घशाखाली उतरत नाही. गिरधर एक वेळ दिवाळी विसरेल, आखाजी विसरायचा नाही.

आणि त्याचा दुसरा जीव की प्राण म्हणजे ती लाल गाडी.

शिरपूरच्या एका जिनिंगवाल्याच्या पोराने कधीकाळी हौसेने आणलेली विलायती स्पोर्ट कार. दोनच सिटा, लांबलचक नाक, आणि बसकी इतकी की आत बसल्यावर रस्त्यावरचं कुत्रं डोळ्याला डोळा भिडवून बघायचं. पोराची हौस फिटली आणि गाडी सरकीच्या पोत्यांमागे धूळ खात पडली. गिरधर तिथं वायरिंगच्या कामाला गेला, गाडी बघितली आणि खुळावला. मालक म्हणाला, ही ब्याद घेऊन जा. गिरधरने ती ट्रॅक्टरला बांधून धुळ्याला आणली. इंजिन उघडलं, सगळी वायरिंग नव्याने ओढली, भटू कुशनवाल्याकडून सिटा करून घेतल्या, लाल रंग दिला. नव्या नव्या मारुत्या रस्त्यावर पळायला लागल्या होत्या, पण गिरधरची लाल गाडी निघाली की लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे. त्याला वाटायचं, लेकीला आखाजीला आणायचं तर याच गाडीतून. धनसिंग सावकाराची पोर येत असेल बसने, गिरधरची येणार नाही!

गेल्या आखाजीला त्याने तिला तशीच आणली. बोदवड ते धुळे, भर उन्हाचा रस्ता, काचा वर. उन्हाळ्यात काच खाली करायची म्हणजे तोंडावर झळ घ्यायची, आणि झळ आत घेणाऱ्या माणसाला खान्देशात वेडा समजतात. एरंडोल ओलांडल्यावर कोकिळाची मान एकाएकी लटकली. त्याने गाडी झाडाखाली घेतली, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा स्टार्टर मारला आणि घरी आणली. ऊन बाधलं, कमलबाई म्हणाली. पोर सगळी आखाजी अंथरुणात पडून होती. मग जावई आला आणि तिला रेल्वेने घेऊन गेला. गिरधरला एवढंच माहीत होतं.

यंदा आखाजी तोंडावर आली तशी त्याने बोदवडच्या दुकानावर फोन लावला. एसटीडीच्या त्या काचेच्या खोक्यात आधीच जीव उकडतो. व्याही रतिलाल नाना गुळमुळीत बोलले. ऊन फार आहे, यंदा राहू द्या, पुढे बघू. "पुढे म्हणजे काय? आखाजी पुढे जाते का?" गिरधर तापला. तेवढ्यात पलीकडे विहीणबाईंनी, पुष्पाबाईंनी, फोन घेतला.

"भाऊ, त्या भट्टीत मी सुनेला बसू देणार नाही. आणि एसटीनेही नको. यंदा नकोच."

गिरधरने एकच शब्द ऐकला. भट्टी! बाकीचं त्याच्या कानात शिरलंच नाही. माझ्या गाडीला भट्टी म्हणते! तळपायाची आग मस्तकात गेली. फोन असा आपटला की बूथवाला उठून उभा राहिला.

घरी येऊन त्याने पुष्पाबाईचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. पोर पाठवायचीच नाही त्यांना, गाडीचं निमित्त आहे. सूनबाईला राबवून घ्यायचंय. माहेर तोडायचंय. कमलबाई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "जाऊ द्या यंदा. पावसाळ्यात मी जाऊन भेटून येईन तिला."

"तू त्यांचीच बाजू घे! पोर तुझी नाही का?"

कमलबाईचा हात भाकरीवर थांबला. काही बोलायला म्हणून तिने तोंड उघडलं, पण गिरधर तोवर दारातून बाहेर पडला होता.

दुसऱ्या दिवसापासून शेडीत ट्रकचं काम बंद. लाल गाडी मध्ये घेतली. हवा येत नाही ना? आणून दाखवतो हवा. निमित्तच ठेवत नाही हातात.

गाडीत डॅशबोर्डच्या जाळ्यांतून हवा यायची ती म्हाताऱ्याने दुधावर फुंकर घालावी तशी. गिरधरने सुरुवात केली बॉनेटच्या मागून. काचेच्या पायथ्याशी हवा आत घ्यायची जी खाच असते, तिच्यात हात घातला तर मूठभर कापूस निघाला. जिनिंगमधला, जुना, काळा पडलेला. मग लिंबाचा पाला. मग चिमण्यांचं अख्खं घरटं. प्रत्येक मूठ बाहेर काढताना शिरपूरच्या त्या पोराला एक शिवी. मग ब्लोअरची मोटर काढली. कार्बन झिजून नखाएवढे उरले होते, ते बदलले, आर्मेचर घासून चकचकीत केलं. जुनी तार सुतळीइतकी बारीक, अर्धा करंट वाटेतच मरत होता. त्याने बॅटरीवरून जाड तार ओढली, मध्ये रिले टाकला. बटण दाबलं तर पंखा असा गरजला की टपरीवरचे लोक वळून बघायला लागले.

हवा? तेवढीच.

"आस्सं?" म्हणत गिरधरने डॅशबोर्डच उतरवला. मागे कापडी पाइप होते, ते जागोजाग फाटलेले. पंख्याची निम्मी हवा डॅशबोर्डच्या पोटातच फिरत होती. त्याने ट्रकच्या जुन्या ट्यूबा कापून त्यांचे पाइप केले आणि पट्ट्यांनी आवळले. पेटीतल्या झडपेचा स्पंज बोट लावताच भुगा झाला, तिथं स्लिपरचा रबर कापून सोल्युशनने चिकटवला. आणि मग सापडला हीटर. इंजिनातलं उकळतं पाणी एका पाइपने पेटीत यायचं, तिथला नळ गळका, त्यामुळे हवा आत येण्याआधीच तापून निघायची. गिरधर खोक्यावरून उठलाच. "धुळ्यात! मे महिन्यात! हीटर!" त्याने साता समुद्रापलीकडच्या गोऱ्यांना अशा काही शिव्या दिल्या की त्या त्यांना कळल्या असत्या तर त्यांनी गाड्या बनवणं सोडलं असतं. दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर कायमचा तोडला. वरून खाचेवर वाळ्याची पट्टी बसवली, तिच्यावर थेंब थेंब पाणी पडेल अशी बारीक नळी, डबा बॉनेटखाली. कूलरच म्हणा ना.

भटू कुशनवाला शेजारच्या गाळ्यातून बघायला आला. गिरधरने दार उघडं ठेवून बटण दाबलं. हवा आली! ओल्या वाळ्याचा वास घेऊन, गार, फडफडत आली. "बघ! बघ भटू! भट्टी म्हणते!" भटू आत बसला. गिरधरने दुसऱ्या बाजूने बसून दार लावलं, काचा वर केल्या. हवा मेली.

दार उघडलं, हवा आली. दार लावलं, गेली.

"तू आत बसलास की जाते! उतर!" भटू उतरला. तरी तेच. आता मात्र गिरधरचं पित्त खवळलं. पंख्यावर ओरडला, पाइपांवर ओरडला, भटूवर तर ओरडलाच, आणि शेवटी बाहेर येऊन दार असं धाडकन लोटलं की बस. दार लागलं नाही. आतल्या हवेवर आपटून परत आलं आणि त्याच्या गुडघ्यावर बसलं. गुडघा चोळत, दातओठ खात त्याने काच जराशी खाली केली, पुन्हा मारावं म्हणून. या वेळी दार नुसतं बोट लावताच लागलं.

गिरधर थांबला. मग अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटला, "हाई हवा बाहेर कोठून जाई?"

घरात कूलर लावला तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, नाही तर हवा खोलीत शिरतच नाही, नुसता चिकचिकाट होतो. हे धुळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. गाडीला मात्र बाहेर जायची वाटच नव्हती.

"मागच्या काचेखाली जाळी होती ना," भटू खाली बघत म्हणाला. "सिटा केल्या तेव्हा तूच म्हणालास, धूळ येते, झळ येते, बुजव. मी लोकरीचा जाड नमदा ठोकला, वरून रेक्झिन मारलं."

आमच्याकडे दिवस जरा वर आला की घराच्या खिडक्या बंद, दारं बंद, फटीत चिंध्या. झळ आत येता कामा नये. गिरधरने गाडीलाही घराचाच न्याय लावला होता.

"मग तेव्हा बोलला का नाहीस, मुडद्या?"

"बोललो होतो. तू म्हणालास, माले शिकाडू नको."

गिरधरने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि रेक्झिन टराटरा फाडलं. नमदा उपटून काढला. खाली खरंच जाळी होती, छान, धडधाकट. दारं लावली, काचा वर, बटण दाबलं. गिरधरच्या शर्टाची कॉलर उडायला लागली. भटू खुशीत हसला. गिरधर हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे विहीणबाई उभ्या होत्या. "आता बघतो कसं निमित्त काढते ती," एवढंच म्हणाला.

आखाजीच्या आदल्या दिवशी उजाडताच त्याने गाडी काढली. कमलबाई सांजोऱ्यांचा डबा घेऊन बाहेर आली. डबा दिला, पण दार धरून उभी राहिली.

"अहो, ऐका ना. त्यांनी नको म्हटलंय तर काही कारण असेल. तिथं जाऊन बोलू नका काही."

"माले शिकाडू नको!" गिरधरने दार ओढून घेतलं.

पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. ऊन चढत गेलं, डांबर पातळ झालं, पण गाडीत हवा अशी गार की गिरधरला पुन्हा पुन्हा त्या फोनचा राग यायला लागला. भट्टी काय! हात लावून बघ म्हणावं. रस्ताभर त्याने पुष्पाबाईला काय काय बोलायचं ते ठरवलं, आणि प्रत्येक गाव मागे पडलं तसं त्यात एकेक वाक्य वाढत गेलं.

बोदवडला दारात गाडी थांबली तशी गल्लीतले लोक जमले. रतिलाल नाना सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले. गिरधरने रामराम केला न केला, त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं, काचा वर केल्या, पंखा चालू केला. नाना खूश! "वा भाऊ, हा तर चालता कूलर झाला!" पुष्पाबाई ओट्यावर पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. गिरधर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"विहीणबाई, भट्टी बघायची का? या, बसा."

"बघितली. गाडी चांगली झाली, भाऊ," पुष्पाबाई म्हणाल्या. "पाणी घ्या. चहा ठेवते. पण कोकिळा येणार नाही."

"का?"

"ऊन आहे."

"गाडीत ऊन कुठंय? दाखवा मला ऊन! कारण सांगा, खरं कारण!"

पुष्पाबाईंनी मान खाली घातली. "कारण काही नाही. यंदा नको."

झालं. रस्ताभर जमवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. पोर दिली म्हणजे विकली नाही. माहेर तोडायला निघालात. मोलकरीण मिळाली फुकटची, ती एक दिवस हातची जाईल म्हणून पोटात दुखतंय. गल्ली ऐकत होती, नाना "भाऊ, सावकाश, भाऊ, सावकाश" करत मागे मागे फिरत होते, पुष्पाबाई तांब्या धरून तशाच उभ्या होत्या, आणि गिरधर ओरडत होता, "मनी पोर शे ती! कोंडून ठेवलीये तुम्ही माझी पोर!"

"आबा, बस!"

कोकिळा दारात आली होती. चेहरा लालबुंद, पदर खोचलेला.

"आवाज खाली करा. हे माझं घर आहे. आणि सासूबाईंना एक शब्द बोलायचा नाही."

"अगं, मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी? गेल्या आखाजीला जळगाव सोडलं तेव्हा मी काय म्हणाले होते? आबा, हवा येत नाही, जीव गुदमरतोय, थांबा. तुम्ही म्हणालात, नाटकं करू नको, आलंच धुळं. मी काच खाली करायला गेले तर तुम्ही माझा हात धरून ठेवलात."

"झळ लागली असती तुला," गिरधर म्हणाला. आवाज आपोआप उतरला होता.

"मला दिवस गेले होते, आबा." तिने हे गल्लीला ऐकू जाणार नाही इतक्या खालच्या आवाजात म्हटलं. "नुकतेच. तुम्हाला कसं सांगणार? घरी पोचल्यावर आईला सांगणार होते. आखाजीच्या दुपारी गेलं ते. तुमच्याच घरात. तुम्ही लिंबाखाली पत्ते खेळत होतात. आईने मला रिक्षात घालून डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात नेलं."

पुष्पाबाई मध्येच म्हणाल्या, "कोकिळा, पुरे."

"नाही, बोलू द्या मला. डॉक्टरबाई म्हणाल्या, उन्हाने झालं असं सांगता येत नाही, कधी कधी उगाचही होतं. म्हणून मी तुमच्यावर आळ घेतला नाही. पण ही बाई, जिला तुम्ही आत्ता गल्लीत उभं करून शिव्या दिल्या, तिने वर्षभर तोंड मिटून घेतलं. तुमच्या जावयालाही दम दिला, म्हणाल्या, सासऱ्याला कळता कामा नये. बाप आहे, जन्मभर टोचत राहील. आणि आता पुन्हा चौथा महिना लागलाय. पाचवा लागेपर्यंत बोलायचं नाही अशी यांच्या घरातली रीत, त्यात गेल्या वेळचं असं झालेलं. म्हणून कारण सांगत नव्हत्या. कळलं आता? आता ओरडा. गावभर ओरडा!"

गिरधरने ओट्याचा खांब धरला. लोक एकेक करून पांगले. मग त्याने विचारलं, "तुझ्या आईला माहीत आहे?"

"सगळं. गेल्या वर्षीचंही, यंदाचंही. सासूबाईंनी आधी तिलाच कळवलं."

त्याला वाटलं, विहीणबाईंचे पाय धरावे. ते धरता येत नाहीत, मग माणसाने करायचं काय? त्याने नुसते हात जोडले. पुष्पाबाईंनी त्याच्याकडे न बघता तांब्या पुढे केला. "पाणी घ्या, भाऊ. उन्हाचं उपाशी जाऊ नका. पानं घेते." त्याला जेवावं लागलं. कोकिळाने रस वाढला, पुन्हा वाढला, पण बोलली नाही. निघताना त्याने सांजोऱ्यांचा डबा ओट्यावर ठेवला. तिने तो घेतला आणि आत गेली.

परतीच्या रस्त्यावर हवा फर्मास लागत होती. वाळ्याचा वास, गार वारा, शर्ट फडफडतोय. गिरधरला ती हवा सहन होईना. आज येतेस होय? गेल्या वर्षी कुठं मेली होतीस? तो हवेवर ओरडला, गाडीवर ओरडला, मग स्टिअरिंगवर मुठी मारत स्वतःला शिव्या द्यायला लागला, ज्या त्याने आजवर कुणालाही दिल्या नव्हत्या अशा. काचा बंद होत्या, कुणाला काही ऐकू गेलं नाही. एरंडोलच्या पुढे त्याने पंखा बंद केला आणि घामाने निथळत तसाच धुळ्यापर्यंत आला. असं करून काही भरून निघत नाही हे त्यालाही कळत होतं. तरी त्याने तो चालू केला नाही.

दिवेलागणीला गाडी दारात उभी राहिली. कमलबाई ओट्यावर बसली होती. तिने शेजारची रिकामी सीट बघितली, त्याचा चेहरा बघितला आणि ओळखलं. उठली नाही. गिरधर येऊन तिच्याजवळ पायरीवर बसला.

आतून राग उसळलाच. सवय कुठे जाते? "तू मला सांगितलं का नाहीस? वर्षभर! मी काय परका होतो? माझ्या घरात, माझ्या पोरीचं..." आवाज चढायला लागला होता.

नेहमीची कमलबाई पदराला हात पुसून आत गेली असती. आज ती बसून राहिली.

"सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असता," ती म्हणाली. "आधी गाडीवर, मग भटूवर, मग बोदवडवाल्यांवर, मग माझ्यावर. दवाखान्यातून आले तेव्हा तुम्ही पत्ते टाकून जेवायला आला होतात. मी पान वाढलं. पोर आत पडली होती. मला रडायचं होतं हो. पण तुम्ही ओरडायला लागलात की या घरात दुसऱ्या कुणाला रडताच येत नाही. म्हणून नाही सांगितलं."

गिरधर तोंड उघडून बसला होता. ते त्याने मिटलं.

कमलबाईने थोडा वेळ वाट बघितली, तो बोलतो का म्हणून. तो बोलला नाही. मग तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली.